आठ गुंजांची तूट

हरिहरपंतांनी काढलेलं काम अर्ध्या दिवसाचं होतं. सोनाराकडे जायचं, रुपया द्यायचा, त्याच चांदीचा टाक घडवायला सांगायचा आणि जेवायच्या वेळेला घरी परतायचं. या अर्ध्या दिवसाला सव्वा महिना लागला. त्यात ठाण्याला चार खेपा झाल्या, एक वहाण तुटली, आणि कल्याणच्या निम्म्या आळीशी पंतांचं बोलणं बंद होऊन परत सुरू झालं.

टाक ठमाबाईंचा करायचा होता. त्या फाल्गुनात गेल्या, अहेव गेल्या. पंतांच्या घराण्यात अशा बाईचा चांदीचा टाक करून वर्षश्राद्धाच्या आत देव्हाऱ्यात बसवतात. पौष उजाडला तरी पंतांच्या हातून ते झालं नव्हतं. बाजारातली चांदी घ्यावी असं त्यांना वाटेना. ठमाबाईंचा स्वतःचा असा एकच रुपया होता. लग्नात ओटीत पडलेला, कंपनी सरकारच्या वेळचा, राणीच्या डोक्यावर मुकुट नसलेला. तो त्यांच्या फणेरपेटीत असे आणि दर दिवाळीला लक्ष्मीपूजनात बसे. त्याच रुपयाचा टाक करायचा, असं पंतांनी ठरवलं.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. हरिहरपंत पेन्शनीत जाण्याआधी तीस वर्षं ठाण्याच्या खजिन्यात नाणी पारखत होते. लाखो रुपये त्यांच्या बोटांखालून गेले. डोळे मिटून ते सांगत की हा रुपया कनवटीला झिजला आहे, हा जात्यावर बसणाऱ्या बाईच्या कमरेला होता, हा कुणी पुरून ठेवला होता. पण घरातला हा एक रुपया त्यांनी कधी हातात घेऊन पाहिला नव्हता. हलवाई घरी पेढा खात नाही, तसं ते होतं. शिवाय पूजेत तो तांदळाच्या राशीत अर्धा रोवलेला असे, वर हळदकुंकू आणि झेंडूचं फूल. पंत लांबूनच अक्षता टाकत.

नाथा सोनाराचं दुकान पारनाक्यावर होतं. नाथाने रुपया घेतला आणि राणीच्या तोंडाकडे न बघता आधी काठावरून अंगठा फिरवला. पंतांना बरं वाटलं. अडाणी माणूस आधी तोंड बघतो, जाणता आधी काठ बघतो. मग नाथाचा अंगठा थांबला. तो मागे गेला आणि पुन्हा तिथेच येऊन थांबला.

"पंत, हा कुठून आणलात?"

"घरचा आहे."

"घरचा," नाथा म्हणाला, आणि त्याने काटा काढला.

रुपया म्हणजे एक तोळा, म्हणजे शहाण्णव गुंजा. वापरून वापरून एक-दीड गुंज जाते, त्याचं कुणाला काही वाटत नाही. दोन गुंजांच्या वर गेली की सरकारला वाटतं, आणि खजिन्यात तो रुपया कातरीने कापतात. नाथाच्या काट्यात ठमाबाईंचा रुपया अठ्ठ्याऐंशी गुंजा भरला. पंतांनी काटा तपासायला लावला. नाथाने न रागावता तपासला. पुन्हा अठ्ठ्याऐंशीच.

नाथाने रुपया उजेडात उभा धरला. काठाचे दाते तीन बाजूंनी होते तसे होते. चौथ्या बाजूला, पाव काठभर, दात्यांचा पत्ता नव्हता. तिथे रुपया सपाट होता. गोल भाकरीचा एक काठ कुणी खाल्ल्यासारखा.

नाथा हळू आवाजात म्हणाला की पंतांबद्दल त्याच्या मनात काही नाही, पण मागच्या महिन्यात भिवंडीकडे एका सोनाराच्या घरात कानशीने घासलेले रुपये सापडले, तो अजून आत आहे. काठ घासून चांदी काढायची आणि रुपया बाजारात रुपया म्हणून खपवायचा, हा धंदा जुना आहे, तो पंतांना शिकवायला नको. असला रुपया मुशीत टाकायचा तर आधी कचेरीतून चिठ्ठी आणावी.

आयुष्यभर लोकांनी पंतांकडे चिठ्ठ्या मागितल्या होत्या. पंतांकडे कुणी मागितली नव्हती.

घरी येऊन ते ओट्यावर बसले आणि पेटीतलं भिंग काढून त्यांनी रुपया पाहिला. राणीचे कानामागचे केस शाबूत होते. वापरात आधी तेच जातात. गालही उंच होता. म्हणजे हा रुपया हातोहात फिरलेला नव्हता. दोन्ही तोंडांवर चिंचेने घासल्याच्या बारीक रेघा होत्या, त्या दर दिवाळीच्या. पण काठ? हे झिजणं नव्हतं, कुणीतरी मुद्दाम झिजवलं होतं. दुसऱ्या कुणाचा रुपया असता तर पंतांनी मान वर न करता "लबाडी" असा शेरा मारला असता.

त्यांनी विचार केला. एक तर कुणीतरी रुपया बदलला. पण मुकुट नसलेल्या राणीच्या गळ्याखाली एक लहानसा टोचा होता, आणि त्या टोच्याबद्दल ठमाबाई कधीतरी बोलल्या होत्या, हे त्यांना आठवत होतं. किंवा तो लग्नातच असा आला. पण ओटीत घालण्याआधी पंतांच्या सासऱ्यांनी रुपया फरशीवर वाजवून, फिरवून घेतला असणार, ते सासरे तसेच होते. तिसरी शक्यता पंतांच्या मनात दिवेलागणीपर्यंत आली नाही, आणि आली तेव्हा त्यांना जेवण गेलं नाही.

पगार पंतांच्या हातात असे. ठमाबाईंनी काही मागितलं की ते विचारत, "कशाला?" वाईट मनाने नाही, खजिन्यातल्या सवयीने. तीन-चार वर्षांमागे ठमाबाईंनी आठ आणे मागितले होते. पंतांनी विचारलं, "कशाला?" त्या म्हणाल्या, "राहू दे," आणि आत गेल्या. पंतांनी त्या वेळी वर्तमानपत्राचं पान उलटलं होतं. आता त्यांना वाटलं, "कशाला" ऐकायला नको म्हणून या बाईने स्वतःच्या ओटीतला रुपया घासून चांदी विकली की काय? किती वेळा? आणि कुणाला?

हे विचारायला आता घरात कुणी नव्हतं.

असली गोष्ट आळीत झाकून राहत नाही. नाथाच्या दुकानात त्या वेळी एक गिऱ्हाईक बांगडी सांधून घेत बसलं होतं, तेवढं पुरलं. दुसऱ्या दिवशी विहिरीवर असं झालं की पंतांच्या घरात घासलेला रुपया सापडला. तिसऱ्या दिवशी रुपयाचे वीस झाले. चौथ्या दिवशी कानस सापडली. पाचव्या दिवशी दूधवाल्याने पंतांनी दिलेली पावली उंबऱ्याच्या दगडावर आपटून वाजवून घेतली. पंत दारातच उभे होते. पावलीचा आवाज खणखणीत निघाला, हे दूधवाल्याच्या आधी त्यांना कळलं, पण त्याने काही समाधान झालं नाही.

मग सल्ले सुरू झाले. समोरचा धोंडीबा रेल्वेत सांधेवाला होता. त्याच्या मते जत्रेच्या दिवशी तिकिटाच्या खिडकीवर रुपया द्यावा, त्या गर्दीत मास्तर काठ बघत नाही. पंतांनी त्याला विचारलं की ज्याने जन्मभर दुसऱ्यांचे असले रुपये पकडले त्याने हे करावं का. धोंडीबा म्हणाला, तुमच्याइतकं ठाऊक कुणाला आहे, तुम्हीच करावं. दुसऱ्या कुणी देवळाच्या पेटीत टाकायला सांगितलं, देव वजन करत नाही म्हणून. सगळ्यात पक्का सल्ला शेजारच्या आवडाबाईंचा. त्यांची भिंत पंतांच्या भिंतीला लागून, आणि ठमाबाईंशी त्यांचा तीस वर्षांचा घरोबा. त्या रोज येऊन सांगत की भाऊजी, मोहन्याला जा, तिथे नदीला डोह आहे, त्यात टाका आणि मोकळे व्हा. इतक्या वेळा सांगत की पंतांना संशय यावा. पण त्यांचं लक्ष तेव्हा दुसऱ्याच संशयात होतं.

शेवटी ते ठाण्याला गेले.

पहिल्या खेपेला खजिन्याची महिनाअखेरची मोजणी होती, बाहेरच्या माणसाला आत येणं नव्हतं. दुसऱ्या खेपेला एक आण्याचं तिकीट लावून अर्ज करा असं सांगण्यात आलं. तिसऱ्या खेपेला अर्ज परत आला, कारण नाणं "पाहून परत देणे" असं काम खजिन्यात होत नाही. भरणा होतो, बदली होते, कापणी होते, नुसतं पाहणं होत नाही. हा नियम किती बरोबर आहे हे पंतांना पुरतं ठाऊक होतं. तो त्यांनीच वरिष्ठांना सुचवला होता.

चौथ्या खेपेला गुणाजी शिपायाने त्यांना बाकावर बसवलं. गुणाजी पंतांना बारा वर्षं रामराम करत आला होता, आताही केला, पण बसवलं बाहेरच्याच बाकावर. त्या बाकाचा एक पाय आखूड होता. बसणारा डावीकडे झुकला की बाक उजवीकडून उठे. त्याबद्दल लोकांच्या तक्रारी येत, आणि पंत प्रत्येकीवर "पाहू" असं लिहीत. आता त्यांनी दोन तास तो बाक नीट पाहिला.

आत पंतांच्या जागेवर मधुसूदन होता. त्याला पंतांनीच तयार केलं होतं. तो उठून उभा राहिला, नमस्कार केला, घरची चौकशी केली. मग पंतांनी रुपया कठड्यावरून आत सरकवला आणि मधुसूदनचा चेहरा बदलला.

"पंत, कठड्याच्या आत नाणं आलं की ते सरकारात आलं. तुम्हीच शिकवलंत."

"ठाऊक आहे मला."

"आता मला ते नोंदवावं लागेल."

"नोंदव."

त्याने वही उघडली. नाव, गाव, रुपया कुणाकडून आला. पंत म्हणाले, बायकोकडून. तिला कुणाकडून आला, हा पुढचा प्रश्न होता. प्रश्नांची ही यादीही पंतांची. अपराधी माणूस चौथ्या प्रश्नाला अडखळतो असा त्यांचा अनुभव होता, आणि आता ते चौथ्या प्रश्नाला अडखळले. मधुसूदनने खाली मान घातली आणि रुपया भिंगाखाली धरला. बराच वेळ गेला.

"कानस आहे, पंत," तो म्हणाला. "मला वाईट वाटतं."

पंतांना राग आला. पण तो राग बायकोसाठी नव्हता, अर्धवट पारखीसाठी होता. तीस वर्षांची खोड. ते म्हणाले की कानशीची रेघ सरळ असते, आडवी असते आणि खोल असते. ही रेघ बघ. ही बारीक आहे, ओढलेली आहे, वळलेली आहे. कडा बोथट आहेत, मऊ आहेत. ही कानस असेल तर मी पेन्शन परत करतो. बोलता बोलता त्यांना स्वतःलाच ऐकू आलं की आपण काय म्हणतो आहोत. घरी भिंगातून त्यांनीही हेच पाहिलं होतं, पण तेव्हा ते रेघा बघत नव्हते, लबाडी शोधत होते.

"मग कशाने घासलाय?" मधुसूदनने विचारलं.

"दगडाने. ओल्या दगडाने. गोल गोल फिरवून."

मधुसूदनने टाचणी घेतली. सपाट जागा संपून दाते सुरू होत तिथल्या खाचेत काही पिवळट भरलं होतं. त्याने ते कोरून काढलं, बोटावर घेतलं, हुंगलं. मग पंतांच्या नाकासमोर धरलं.

"वेखंड," तो म्हणाला. "आमचं मूल चार महिन्यांचं आहे. रोज सकाळी घरभर हाच वास असतो. पंत, हा रुपया सहाणेवर उगाळलाय. बाळगुटीत."

गुणाजी दारात उभा होता, तो म्हणाला की बरोबर आहे, ज्यांच्याकडे सोनं असतं ते सोन्याचं वळं उगाळतात, बाकीचे चांदी. पंतांनी मान हलवली. त्यांना स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातली सहाण आठवत होती. ती त्यांच्या मुलीसाठी आणली होती. मुलगी दीड महिन्याची होऊन गेली. त्यानंतर ती सहाण घरात कशाला आहे, हे त्यांनी कधी विचारलं नाही. "कशाला" म्हणायची सवय असलेल्या माणसाने एवढंच विचारलं नव्हतं.

मधुसूदनने कातर उचलली आणि परत ठेवली. हलक्या आवाजात तो म्हणाला की हेडकारकून जेवायला गेले आहेत, वहीतली ओळ त्याला खोडता येईल, पंतांनी रुपया उचलावा.

पंतांचा हात पुढे गेलाही. पण त्याच कठड्याशी एकदा बाळकुमची एक बाई उभी होती, ती त्यांना आठवली. तिचा रुपया तीन गुंजा कमी होता. ती काहीतरी सांगत होती, आईबद्दल की सासूबद्दल, आणि पंतांनी मान वर न करता तो कापला होता. ती काय म्हणाली, ते आठवून पाहिलं तरी आठवेना.

"काप," ते म्हणाले.

"पंत, अहो, हा..."

"काप रे. आता माझ्याच्याने उचलवत नाही."

कातर करकरली. दोन तुकडे कठड्यावर पडले. आता कारणाचा रकाना उरला. तिथे एक तर "झीज" लिहायचं किंवा "लबाडी." मधुसूदनने विचारलं, काय लिहू? पंतांनी थोडा विचार केला आणि सांगितलं, "औषधकामी." खजिन्याच्या वहीत असा शब्द आधी नव्हता. मधुसूदनने तो लिहिला, शाईवर वाळू टाकली आणि नियमाप्रमाणे दोन्ही तुकडे पंतांना परत दिले.

कल्याणला उतरल्यावर पंत घरी न जाता आधी आवडाबाईंच्या ओट्यावर गेले. तुकडे त्यांच्यापुढे ठेवले. आवडाबाई तांदूळ निवडत होत्या, त्या थांबल्या.

"कुणाकुणाला दिली तिने गुटी?"

आवडाबाईंनी नाकारण्याचा विचार केला असावा, पण तुकडे बघून सोडून दिला. त्या म्हणाल्या की विचारा कुणाला नाही दिली. त्यांची स्वतःची सहा, धोंडीबाची चार, दूधवाल्याच्या घरची, खाडीवरून मासळी घेऊन येणाऱ्या बायकांची. पंत कचेरीत गेले की दहाच्या पुढे ओट्यावर पोरांची रांग लागे. सोनं कुणाकडे होतं? वहिनींकडे रुपया होता.

"आणि मला नदीत टाकायला सांगत होतात."

"मग काय करणार, भाऊजी? आमच्या सहा पोरांनी सरकारचं नाणं चाटलं, हे कचेरीत जाऊन सांगू?"

पंतांनी विचारलं की मग आपल्याला का नाही सांगितलं. आवडाबाईंनी सूप खाली ठेवलं.

"तुम्ही एकदा जेवताना सांगितलंत, राणीच्या रुपयाचा काठ घासणाऱ्याला सात वर्षं सक्तमजुरी. तेव्हा आमच्या धाकट्याची गुटी चालू होती. वहिनी उठून माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, आवडा, सात वर्षं तर सात वर्षं, पण याचे दात येईस्तोवर मला थांबता येत नाही."

पंत हसले. गेल्या फाल्गुनापासून ते हसले नव्हते, त्यामुळे त्यांचं त्यांनाच विचित्र वाटलं. मग त्यांनी ते आठ आणे विचारले. आवडाबाईंना आठवत होतं. त्या वर्षी जायफळ महाग झालं होतं. पंतांकडून मिळाले नाहीत, तेव्हा चार बायकांनी दोन दोन आणे काढले.

पंत उठून घरी गेले. या गोष्टीचं काही करता येण्यासारखं नव्हतं.

नाथाने आता चिठ्ठी मागितली नाही. कापलेला रुपया रुपया राहत नाही, ती नुसती चांदी, आणि चांदी कुणीही वितळवावी. एवढ्या सव्वा महिन्याच्या धडपडीनंतर सरकारने नकळत हेच काम करून दिलं होतं. त्याने दोन्ही तुकडे काट्यात टाकले. एक अठ्ठेचाळीस गुंजा भरला, दुसरा चाळीस. पंतांनी अठ्ठेचाळिसाचा टाकासाठी ठेवला आणि सपाट काठाचा, चाळिसाचा, उचलून घेतला. नाथा म्हणाला, एवढ्याशा चांदीत टाक लहान होईल, नाकडोळे नीट उठायचे नाहीत. पंत म्हणाले, होऊ दे.

टाक वर्षश्राद्धाच्या आठ दिवस आधी देव्हाऱ्यात बसला. आळीतल्या बायका येऊन बघून गेल्या आणि ठमाबाई यात दिसत नाहीत यावर सगळ्यांचं एकमत झालं.

त्याच सुमारास आवडाबाईंच्या सुनेला मुलगी झाली. बाराव्या दिवसानंतर आवडाबाई तिला घेऊन पंतांच्या ओट्यावर येऊन बसल्या. पंतांनी आतून सहाण आणली. वेखंडाचे दोन वेढे, हळकुंडाचा एक, जायफळाचा अर्धा, हे आवडाबाईंना ठाऊक होतं. चांदीचे किती ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. ते वहिनींच्या हातात होतं.

पंतांनी सहाणेवर वाटीतल्या दुधाचे चार थेंब घातले. रुपयाचा तुकडा सपाट काठावर उभा केला आणि फिरवला. तो घसरला.

"जोर नको, भाऊजी," आवडाबाई म्हणाल्या. "नुसता टेकवायचा."

त्यांनी टेकवला आणि एक वेढा घेतला. मग सवयीने तुकडा उचलला, काठ पुसला आणि भिंग लावून पाहिलं. काहीही गेलेलं दिसत नव्हतं. त्यांनी दुधाकडे पाहिलं, तेही होतं तसंच पांढरं.

"आलं का त्यात काही?" त्यांनी विचारलं.

"आलं असेल," आवडाबाई म्हणाल्या. "आणा इकडे ती वाटी, पोर रडायला लागली."